लागलं, की नुसतंच गेलं?

मंडळी, मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही मराठी घेऊन. गणिताचा आणि माझा संबंध दहावीला सुटला, तो पुन्हा जुळला नाही. असा माणूस कॉम्प्युटरच्या खेळातल्या दगडाविषयी आणि त्याच्या टकरीविषयी बोलणार म्हटल्यावर तुम्हाला नवल वाटेल. पण याला कारण माझी भाची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे इचलकरंजीला आली होती. कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडून बसायची. मी विचारलं, ‘‘काय लिहितेस गं?’’ म्हणाली, ‘‘मामू, स्क्रिप्ट लिहितेय.’’ मला वाटलं, पोरगी नाटकाकडे वळली. तसं नव्हतं. ती एक खेळ तयार करत होती. जोंधळ्याचं शेत, मधोमध माळा, माळ्यावर उभी एक मुलगी, तिच्या हातात गोफण. शेतात दोरीला पत्र्याचे डबे टांगलेले. गोफणीचा दगड डब्याला लागला की खण्णकन आवाज व्हायचा आणि पाखरांचा थवा उडून जायचा. पाखरू मारायचं नाही, नुसतं उडवायचं. मला हे फार आवडलं.

पण दगड डब्याला लागतच नव्हता. नेम बरोबर, दगड सरळ डब्यावर जाताना दिसायचा आणि डब्यातून आरपार निघून जायचा. आवाज नाही, डबा हलायचा नाही. डब्याला काही झालंय याचा पत्ताच नसायचा. तीन रात्री ती याच दुखण्याच्या मागे होती. चौथ्या रात्री मी म्हटलं, ‘‘मला समजेल असं सांग.’’ तिनं सांगितलं आणि त्यानंतर मी या गोष्टीच्या इतिहासात जो शिरलो, तो अजून पुरता बाहेर आलेलो नाही. आजचं बोलणं त्याविषयी आहे.

आधी तिनं काय सांगितलं ते पाहू. आपल्याला पडद्यावर दगड उडताना दिसतो, पण तो उडत नसतो. सिनेमासारखीच चित्रं एकामागून एक येत असतात. सेकंदाला साठ. प्रत्येक चित्राच्या आधी कॉम्प्युटर दोन कामं करतो. पहिलं, दगड आता कुठे ठेवायचा ते ठरवतो. आधी जिथे होता तिथून त्याच्या वेगाइतका पुढे सरकवतो आणि वेगात गुरुत्वाकर्षणाचा थोडा हिस्सा मिळवतो, म्हणजे दगड हळूहळू खाली झुकतो. दुसरं, तो विचारतो : दगडाची जागा आणि डब्याची जागा एकमेकींवर येते का? येत असेल तर लागलं. नसेल तर पुढे चला.

हे दुसरं काम मला अजब वाटलं. आपल्या जगात दगड डब्याला लागला का, हे कुणी विचारावं लागत नाही. दगड असतो, डबा असतो, आवाज होतो. पण कॉम्प्युटरच्या जगात दगडही नाही आणि डबाही नाही. दोन्ही नुसते आकडे. आकडा आकड्याला आपणहून कधी लागत नाही. तिथे टक्कर घडत नाही, ती दर वेळी विचारून ठरवावी लागते.

आता तिच्या दगडाचं काय होत होतं? गोफणीचा दगड सेकंदाला तीस मीटर जातो असं धरा. सेकंदाचे साठ तुकडे केले तर एका तुकड्यात दगड अर्धा मीटर पुढे जातो. डबा वीतभर रुंद. एका चित्रात दगड डब्याच्या अलीकडे, पुढच्या चित्रात पलीकडे. मधल्या वेळेत काय झालं हे कुणी विचारलंच नाही. कॉम्प्युटर खोटं बोलत नव्हता. त्यानं दोन्ही वेळा प्रामाणिकपणे पाहिलं आणि दोन्ही वेळा दगड डब्यात नव्हता.

हे ऐकताना मला धोटा आठवला. त्याच्याकडे शेवटी येतो. आधी दगडाचा मार्ग काढणाऱ्या माणसांची गोष्ट.

फेकलेली वस्तू हवेतून कोणत्या रेषेनं जाते, हा प्रश्न फार जुना आहे. पण त्याच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं ते सोळाव्या शतकात इटलीतल्या एका तोतऱ्या माणसानं. त्याचं मूळ नाव निकोलो फोंताना. १५१२ साली फ्रेंच सैन्यानं ब्रेशा हे त्याचं गाव लुटलं, तेव्हा तो बारा वर्षांच्या आसपासचा पोर होता. लोक आसऱ्याला चर्चमध्ये शिरले होते. तिथे एका सैनिकाच्या तलवारीचे वार त्याच्या तोंडावर बसले आणि जबडा फाटला. वैद्याला द्यायला पैसे नव्हते. आईनंच जखमा धुऊन-पुसून त्याला जगवलं. पण जीभ कायमची अडखळू लागली. लोक त्याला ‘तार्तालिया’ म्हणू लागले, म्हणजे तोतरा. त्यानं तेच नाव घेतलं आणि त्याच नावानं तो इतिहासात राहिला.

१५३७ साली त्यानं व्हेनिसमध्ये ‘नोव्हा सायन्तिया’ म्हणजे ‘नवं शास्त्र’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. तोफेचा गोळा कसा जातो, हा त्याचा विषय. तोफ ४५ अंशांत उभी केली तर गोळा सर्वांत लांब जातो, हे त्यानं त्यात सांगितलं. मार्गाची त्याची कल्पना मात्र चुकीची होती. गोळा आधी सरळ जातो, मग वर्तुळाच्या तुकड्यासारखा वळतो आणि शेवटी सरळ खाली पडतो, अशी तीन तुकड्यांची रेषा त्यानं काढली. पुढे १५४६ सालच्या पुस्तकात त्यानंच म्हटलं की गोळ्याच्या मार्गाचा कुठलाही भाग अगदी सरळ नसतो.

मला त्याच्या गणितापेक्षा त्याची अर्पणपत्रिका महत्त्वाची वाटते. त्यात तो लिहितो की माणसांना मारण्याची कला सुधारत बसणं ही आपल्याला लाजिरवाणी गोष्ट वाटली, पाप वाटलं आणि आपण हे काम टाकून दिलं. मग पुस्तक का काढलं? कारण तुर्की सुलतान चाल करून येणार अशी हवा झाली. लांडगा कळपावर यायला निघाला असताना हे ज्ञान लपवून ठेवणं योग्य नाही, असं त्यानं ठरवलं. माझ्यासारखा माणूस हे वाचताना थोडा हसतो. त्या गोष्टीतला लांडगा म्हणजे आमच्याच धर्माचे लोक. पण मग लक्षात येतं, तुर्कांच्या बाजूलाही तोफा होत्या आणि त्यांनाही समोर लांडगाच दिसत होता. ज्याला स्वतःला तलवार लागली होती, त्यानं इतरांना गोळा कसा लागेल याचं शास्त्र लिहिलं. शंका त्याला आली होती, पण ती भीतीपुढे टिकली नाही. पुढच्या चारशे वर्षांत या शास्त्राच्या वाटेवर हे पुनःपुन्हा घडलं.

त्यानंतर गॅलिलिओ. १६३८ साली त्याचं शेवटचं मोठं पुस्तक हॉलंडमधल्या लायडन गावी छापलं गेलं, कारण इटलीत त्याचं काही छापायला बंदी होती. तो स्वतःच्या घरात नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेली होती. त्यानं सांगितलं की फेकलेल्या वस्तूत दोन चाली एकदम चाललेल्या असतात. आडवी चाल एकसारखी राहते. खालची चाल दर क्षणाला वाढते. पहिल्या क्षणात वस्तू एक माप पडली तर दुसऱ्या क्षणात तीन मापं, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. विषम आकड्यांची ही साधी ओळ. दोन्ही चाली एकत्र केल्या की जी वळणदार रेषा मिळते, तिला गणितात अन्वस्त म्हणतात.

भाचीच्या स्क्रिप्टमध्ये मी हेच पाहिलं. एक आकडा आडव्या वेगाचा, एक उभ्या वेगाचा. आडवा तसाच ठेवायचा, उभ्यात दर वेळी ठरावीक भर घालायची. मी म्हटलं, ‘‘हे तर गॅलिलिओचं!’’ ती म्हणाली, ‘‘मामू, आम्ही ते दोन ओळींत लिहितो.’’ एका आंधळ्या म्हाताऱ्याचं आयुष्यभराचं काम आज दोन ओळींत बसतं. मला त्यात कमीपणा वाटला नाही. चांगल्या ओवीचंही असंच असतं.

पण गॅलिलिओची रेषा हवा नसलेल्या जगातली होती. खरा गोळा हवा कापत जातो आणि हवा त्याला मागे ओढते. ही ओढ किती मोठी आहे, हे बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं १७४२ सालच्या पुस्तकात दाखवलं. त्याची युक्ती आपल्या झोपाळ्यासारखी. लाकडाचा जड ठोकळा टांगायचा, त्यात बंदुकीची गोळी मारायची आणि ठोकळा किती मागे झुलला ते मोजायचं. त्यावरून गोळीचा वेग काढायचा. म्हणजे टक्कर हेच त्याचं मोजमाप. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञानं १७४५ साली या पुस्तकाचं जर्मन भाषांतर केलं आणि त्याला आपल्या भल्यामोठ्या टिपा जोडल्या. हा रॉबिन्स पुढे आपल्याकडे आला. ईस्ट इंडिया कंपनीनं किल्ले सुधारायला त्याला नेमलं. १७५० साली तो हिंदुस्थानात उतरला आणि वर्षभरातच, जुलै १७५१ मध्ये, कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड इथे मरण पावला. गोळीचा वेग मोजणारा हा माणूस आपल्याच देशाच्या मातीत गेला, हे मला माहीत नव्हतं.

हवेची ओढ हिशेबात घेतली की रेषा सोपी राहत नाही. तिला एका झटक्यात सांगणारं सूत्र सापडत नाही. मग एकच उपाय. वेळेचे बारीक तुकडे करायचे. या तुकड्यात गोळा कुठे, वेग किती, हवेची ओढ किती. त्यावरून पुढच्या तुकड्यात कुठे. मग त्याच्या पुढच्या. पायरी पायरीनं गोळा जमिनीवर येईपर्यंत. भाचीचा कॉम्प्युटर सेकंदाला साठ वेळा करतो ते हेच. फरक एवढाच की पूर्वी हे माणसं करत. आणि त्या माणसांत बायका खूप होत्या.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला प्रत्येक तोफेसाठी तक्ते हवे होते. कोणत्या कोनात कोणता गोळा किती लांब जाईल, वारा असला तर काय, थंडी असली तर काय. त्यासाठी फिलाडेल्फियात विद्यापीठाच्या एका शाखेत गणित शिकलेल्या तरुण मुली नोकरीला घेतल्या. त्यांच्या पदाचं नाव होतं ‘कॉम्प्युटर’. हो, तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारं माणूस. टेबलावरच्या यंत्रावर आकडे मारत एका गोळ्याच्या एका मार्गाचं गणित करायला तीस-चाळीस तास जात. एका तोफेच्या तक्त्यात असे मार्ग शेकड्यांनी.

हे काम उरकेना, म्हणून तिथेच ‘एनिअ‍ॅक’ नावाचं यंत्र बांधलं गेलं. सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह आणि तीस टन वजन. ते चालवायला त्या मुलींतल्या सहा जणी निवडल्या : के मॅकनल्टी, बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलस आणि रूथ लिक्टरमन. यातल्या के मॅकनल्टी आयर्लंडच्या खेड्यात जन्मलेल्या. अमेरिकेत शाळेत गेल्या तेव्हा त्यांना फक्त आयरिश भाषा येत होती, इंग्रजीचा गंध नव्हता. शिकवायला पुस्तक नव्हतं. यंत्राचे नकाशे पाहून या सहा जणी ते चालवायला शिकल्या. तारा कुठे जोडायच्या, कळी कुठे फिरवायच्या, पायरीनंतर पायरी कशी यावी, हे सगळं त्यांनी बसवलं.

फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्राचा जाहीर प्रयोग झाला. यंत्रानं गोळ्याचा मार्ग काढला, तोही खरा गोळा लक्ष्यावर पोचायला जेवढा वेळ घेईल त्याहून कमी वेळात. टाळ्या पडल्या. रात्री मोठी मेजवानी झाली. या सहा जणींना तिचं आमंत्रण नव्हतं. फोटोत त्या यंत्राशेजारी उभ्या दिसतात, पण त्या कोण हे कुणी लिहिलं नाही. १९८०च्या दशकात कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीनं ते जुने फोटो पाहून चौकशी केली, तेव्हा तिला उत्तर मिळालं की त्या यंत्राची शोभा वाढवायला उभ्या केलेल्या मॉडेल असाव्यात. तिला ते पटलं नाही. तिनं त्यांना शोधून काढलं, म्हणून आज मी त्यांची नावं घेऊ शकतो.

यातली दुसरी गंमत अशी की यंत्र तयार झालं तेव्हा महायुद्ध संपलं होतं. ज्या तक्त्यांसाठी ते बांधलं, त्यांच्या आधी त्याला पहिलं मोठं गणित मिळालं ते हायड्रोजन बॉम्बचं.

आता बॉम्बकडून खेळाकडे. ही वाट फार लांबची नाही. न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवन नावाची अणुसंशोधनाची प्रयोगशाळा आहे. तिथे विल्यम हिगिनबॉथम हे शास्त्रज्ञ होते. युद्धकाळात ते लॉस अ‍ॅलमॉसला होते आणि अणुबॉम्बसाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम त्यांच्या गटाकडे होतं. १९५८ साली प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांसाठी त्यांना काहीतरी मजेचं करायचं होतं. त्यांच्याकडे एक छोटा अ‍ॅनालॉग कॉम्प्युटर होता. त्याच्या माहितीपुस्तकात बंदुकीची गोळी, क्षेपणास्त्र आणि उसळणारा चेंडू यांचे मार्ग कसे काढायचे ते दिलेलं होतं. हिगिनबॉथम यांनी त्यातला चेंडू उचलला. पाच इंची गोल पडद्यावर आडवी रेघ म्हणजे मैदान, मध्ये छोटी उभी रेघ म्हणजे जाळं. ठिपका उडायचा, खाली यायचा, टप्पा घ्यायचा. जाळ्याला लागला तर अडून मागे पडायचा. ‘टेनिस फॉर टू’. लोकांनी रांगा लावल्या. दुसऱ्या वर्षी पडदा मोठा केला आणि चंद्रावर किंवा गुरू ग्रहावर खेळलं तर चेंडू कसा पडेल, तेही दाखवलं. मग खेळ मोडून त्याचे सुटे भाग दुसऱ्या कामाला लावले.

हिगिनबॉथम यांनी युद्ध संपल्यावर अण्वस्त्रांचा प्रसार रोखण्यासाठी शास्त्रज्ञांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला आणि ते काम आयुष्यभर केलं. १९९४ साली ते गेले. जग त्यांना पहिल्या काही व्हिडिओ खेळांपैकी एकाचा जनक म्हणून ओळखतं. त्यांची इच्छा मात्र अण्वस्त्रविरोधी कामासाठी आठवण राहावी अशी होती. मला तार्तालिया आठवतो. त्याची शंका भीतीपुढे हरली. हिगिनबॉथम यांनी शंका उशिरा का होईना, धरून ठेवली.

आणि मग १९६२. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या मशीनवर ‘स्पेसवॉर’ लिहिला. दोन अंतराळयानं, मध्ये तारा, एकमेकांवर टॉर्पेडो सोडायचे. ताऱ्याची ओढ डॅन एडवर्ड्स यानं नंतर घातली. ती यानांना लागते, टॉर्पेडोंना लागत नाही. कारण सरळ आहे, मशीनला तेवढा वेळ नव्हता. सेकंदाला लाखभर बेरजा करणारं मशीन, पण सगळ्यांची ओढ मोजत बसलं असतं तर चित्र अडखळलं असतं.

टक्कर झाली का हे तपासतानाही हीच काटकसर. दोन ठिकाणांमधलं खरं अंतर काढायचं तर वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. शाळेतलं पायथागोरस. एवढा वेळ कुठला? त्यांनी काय केलं, दोन वस्तूंमधलं आडवं अंतर पाहिलं, उभं अंतर पाहिलं आणि दोघांची बेरीज पाहिली. तिन्ही ठरलेल्या आकड्यांपेक्षा कमी असतील तर लागलं, दोघंही फुटले. वर्तुळाऐवजी अष्टकोन झाला, पण खेळणाऱ्याला काय कळतंय!

शिवाय प्रत्येकाला प्रत्येकाशी ताडून पाहायचं. यात किती काम असतं? आपला कॅरम घ्या. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी आणि स्ट्रायकर, झाले वीस. वीस जणांच्या जोड्या होतात १९०. सेकंदाला साठ वेळा म्हणजे ११,४०० वेळा ‘लागलं का?’ विचारायचं. हजार वस्तू असल्या तर जोड्या जवळपास पाच लाख. म्हणून पुढच्या लोकांनी नकाशाचे चौकोन पाडले. १९९३ सालच्या ‘डूम’ या खेळात असंच केलं होतं. माझी टक्कर व्हायची तर माझ्या गल्लीतल्या माणसाशी होईल, पुण्यातल्या माणसाशी मला ताडून पाहायची गरज काय?

१९७७ साली अटारीच्या घरगुती यंत्रात तर टक्कर ओळखण्याचं काम चिपमध्येच बसवलं होतं. पडद्यावर सहा प्रकारच्या गोष्टी, त्यांच्या पंधरा जोड्या, प्रत्येक जोडीसाठी एक छोटी खूण. दोन गोष्टींचे ठिपके एका जागी आले की खूण पडायची. १९७८ सालच्या जपानी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ची गोष्ट याहून मजेदार. तोमोहिरो निशिकादो यांनी तो खेळ केला. पडद्यावर ५५ परग्रहवासी. प्रोसेसर एका वेळी एकालाच हलवू शकायचा. गोळ्या लागून ते कमी होऊ लागले की उरलेल्यांची पाळी लवकर यायची आणि ते वेगानं पळू लागायचे. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं, यंत्राच्या मर्यादेतून आलं होतं. निशिकादो यांनी ते तसंच ठेवलं. जितके शत्रू मारावेत तितके उरलेले अधिक अंगावर येतात, हा धडा त्या खेळात असा आपोआप शिरला.

भाचीच्या दगडाकडे परत येऊ. तिनं शेवटी उपाय केला तो असा. दगड आता कुठे आहे एवढंच विचारायचं नाही. मागच्या चित्रात कुठे होता आणि आता कुठे आहे, या दोन जागांमध्ये रेघ ओढायची आणि ती रेघ डब्याला कापते का ते पाहायचं. रायफलच्या गोळीला तर याची फारच गरज असते. सेकंदाला नऊशे मीटरनं जाणारी गोळी एका चित्रात पंधरा मीटर उडी मारते. अख्खं घर मध्ये आलं तरी कळणार नाही. पाचव्या रात्री आमच्या घरात खण्णकन आवाज झाला आणि ती ओरडली, ‘‘मामू, लागलं!’’

तिच्या आईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, आतून विचारलं, ‘‘काय लागलं गं? कुठे लागलं?’’ आणि ती धावत बाहेर आली.

मंडळी, आपल्या भाषेत ‘लागणं’ या शब्दाला दोन्ही अर्थ आहेत. स्पर्श झाला तरी लागलं आणि दुखलं तरी लागलं. कॉम्प्युटरला पहिला अर्थ कळतो. दुसरा माझ्या बहिणीला कळला.

आता धोट्याचं सांगतो. माझे वडील यंत्रमागावर कामाला होते. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा. दोन्ही टोकांना पोलादी टोपी, पोटात सुताची कांडी. उभ्या धाग्यांच्या दोन पदरांमधून तो मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडे फेकला जातो. फेकलेली वस्तूच ती. आणि मागालाही तोच प्रश्न पडतो : धोटा पोचला का? पोचला नाही आणि फणीनं ठोका दिला, तर धोटा धाग्यांत चिरडून शेकडो धागे तुटतात. म्हणून पेटीत एक पट्टी असते. धोटा पेटीत आला की ती दाबली जाते. दाबली गेली नाही तर माग धाडकन थांबतो. दर फेरीला माग विचारतो, आलास का? भाचीनं पडद्यावर जे केलं ते मागावर लोखंडानं केलेलं होतं.

पण माग धोटा पोचला का एवढंच विचारतो. बाहेर उडून कुणाला लागला का, हे विचारणारी पट्टी मागाला नसते. त्यासाठी पुढे एक लोखंडी आडकाठी असते. मी आठवीत असताना वडील काम करत त्या कारखान्यात ती बऱ्याच मागांवरून काढलेली होती, कारण धागा तुटला की सांधायला ती मध्ये येई आणि वेळ जाई. एके दिवशी धोटा उडाला आणि शेजारच्या मागावरच्या कामगाराच्या डोळ्याला लागला. डोळा गेला. मालकानं थोडे पैसे दिले आणि दुसऱ्या आठवड्यात त्या जागेवर नवा माणूस उभा राहिला. आडकाठ्या तरीही बसल्या नाहीत. वडील घरी येऊन जेवले नाहीत, एवढं मला आठवतं.

मी खेळांच्या विरुद्ध बोलत नाही. खेळात मेलेला माणूस पुन्हा उठतो, ही चांगलीच गोष्ट आहे. ब्रुकहेवनच्या पडद्यावर क्षेपणास्त्राच्या गणितातून चेंडू निघाला, हीसुद्धा चांगलीच गोष्ट. आणि हे गणित उलट्या दिशेनंही चालतं. १९८८ साली गिल्बर्ट, जॉन्सन आणि कीर्ती या तिघांनी दोन आकारांमधलं कमीत कमी अंतर झटपट काढण्याची रीत सांगितली. त्यातले कीर्ती भारतीय. ही रीत त्यांनी रोबोंच्या कामासाठी काढली, यंत्राचे हात कशावर आपटू नयेत म्हणून. आज तीच रीत खेळांमध्ये टक्कर ओळखायला वापरतात. लागावं म्हणून आणि लागू नये म्हणून, गणित एकच.

फरक पडतो तो प्रश्न कशासाठी विचारला यानं. तार्तालियानं गोळा कुठे पडेल ते विचारलं. त्या सहा जणींना तेच विचारायला बसवलं होतं. कारखान्यातल्या मागानं धोटा पोचला का तेवढं विचारलं. ज्या बाजूला वस्तू पडते तिथे कोण उभं आहे, हे विचारायची ओळ कुणाच्या तरी हातून लिहायची राहून जाते. यंत्र ती आपणहून लिहीत नाही.

सुट्टी संपून भाची निघाली तेव्हा मी तिला धोट्याची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. परवा तिचा फोन आला. म्हणाली, ‘‘मामू, खेळात एक भर घातलीय. दगड चुकून पाखराला लागला तर पाखरू पडत नाही, गुण कापत नाही. पण गोफणवाली मुलगी माळ्यावरून खाली उतरते आणि जवळ जाऊन बघते. तोवर खेळ थांबतो.’’

मी विचारलं, ‘‘किती ओळी लागल्या?’’

म्हणाली, ‘‘चार-पाच. जास्त नाही.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)